मॉरिशसच्या ताई वर्गात येतात तेव्हा: तिसरी-चौथीच्या मुलांना दुसऱ्या देशाची ओळख करून देण्याची रीत

दापोली तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीची मिळून २८ मुले एका वर्गात बसतात. काही वर्षांपूर्वी परदेशात नोकरी करणारे एक गृहस्थ सुट्टीवर गावी आले होते, म्हणून आम्ही त्यांना शाळेत बोलावले. त्यांनी तासभर मनापासून त्या देशातले कारखाने, लोकसंख्या, रस्ते आणि कायदे यांविषयी सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारले तेव्हा ‘तिकडे बर्फ पडतो’ आणि ‘विमानात जेवण देतात’ एवढ्या दोनच गोष्टी त्यांच्याकडे उरल्या होत्या. यात पाहुण्यांचा दोष नव्हता. आठ वर्षांच्या मुलापुढे काय ठेवावे हे आम्ही त्यांना कळवलेच नव्हते आणि मुलांनाही काही तयारी न करवता नुसते ओळीत बसवले होते.

पुढे मॉरिशसच्या एका शिक्षिका आपल्या पणजोबांचे गाव शोधत रत्नागिरी जिल्ह्यात आल्या. त्या तिकडच्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात. त्या वेळी आम्ही सहा आठवडे आधीपासून तयारी केली आणि त्या दिवसातून मुलांच्या हाती खूप काही लागले. ती तयारी येथे क्रमाने सांगतो. उदाहरण मॉरिशसचे असले तरी नेपाळ, केनिया, जपान अशा कोणत्याही देशाच्या पाहुण्यासाठी हाच क्रम उपयोगी पडेल. सगळ्या पायऱ्यांमागची समजूत एकच आहे. लहान मुलाला दुसरा देश कळतो तो तिथल्या त्याच्याच वयाच्या मुलाच्या दिवसातून. ते मूल उठते कधी, खाते काय, शाळेत जाते कसे, घरी बोलते कोणत्या भाषेत आणि त्याला ओरडा बसतो कशावरून, हे कळले की देशाचे नाव त्या मुलाच्या मनात घर करते. राजधानी आणि राष्ट्रध्वज त्यानंतर सांगितले तरी चालतात.

पहिली पायरी: पाहुणा आणि दिवस ठरवणे

पाहुणा मोठ्या हुद्द्याचा असण्याची काही गरज नाही. ज्याचे बालपण त्या देशात गेले आहे आणि ज्याला लहान मुलांशी बोलायला आवडते असा माणूस शोधावा. त्या देशात चार वर्षे राहून आलेला आपला गाववाला आणि तिथेच लहानाचा मोठा झालेला माणूस या दोघांत निवड करायची वेळ आली, तर दुसऱ्याला बोलवावे, कारण तिथल्या शाळेत तो स्वतः बाकावर बसलेला असतो. मॉरिशसमधून काही विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला येतात आणि तिथली मराठी कुटुंबे मूळ गावाच्या शोधात कोकणात आणि साताऱ्याकडे येत असतात. गावातले चाकरमानी, तालुक्याचे महाविद्यालय, एखादे ग्रंथालय यांच्याकडे विचारपूस केली तर असा माणूस सापडतो.

दिवस ठरवताना दोन्हीकडची पंचांगे पाहावीत. मॉरिशसचे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि नोव्हेंबरच्या सुमारास संपते, त्यामुळे तिथल्या शिक्षकांना डिसेंबरात मोकळीक असते. आपल्याकडे डिसेंबरात दिवाळीची सुट्टी संपलेली असते आणि परीक्षांना वेळ असतो. गणपतीचे दिवस मात्र टाळावेत. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, म्हणून ती वेळ योग्य वाटू शकते, पण त्या दिवसांत कोकणातल्या मुलांचे चित्त घरच्या गणपतीत असते आणि पाहुण्यांच्या देशातून त्यांना फक्त गणपतीच दिसतो.

मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि केंद्रप्रमुख यांना लेखी कळवावे. फोटो काढायचे असतील तर पालकांची संमती आधी घ्यावी आणि ते फोटो कोठे वापरले जातील हे त्यांना स्पष्ट सांगावे.

दुसरी पायरी: पाहुण्यांना पत्र लिहिणे

माझ्या अनुभवात भेटीचे यश सर्वांत जास्त या पत्रावर अवलंबून असते. फोनवर ‘तुमच्या देशाविषयी काहीतरी सांगा’ असे म्हटले की पाहुणे भाषण तयार करतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. म्हणून पत्रात पुढील गोष्टी निःसंकोच लिहाव्यात.

मुले आठ-नऊ वर्षांची आहेत, त्यांतली बहुतेक जिल्ह्याबाहेर गेलेली नाहीत आणि सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ती ऐकू शकत नाहीत, हे आधी सांगावे. त्यानंतर मुख्य विनंती करावी, ती अशी: ‘तुम्ही तिसरीत होता तेव्हाचा एक साधा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगा.’ दिवस सणाचा किंवा सहलीचा नको, शाळेचा हवा. आमच्या पाहुण्यांना हे पत्र वाचून आधी नवल वाटले, कारण सांगण्याजोगे त्यात काही आहे असे त्यांना वाटेना. भेटीच्या दिवशी मात्र संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून ताजा लांबट पाव आणण्याचे काम त्यांच्याकडे असायचे, घरी येईपर्यंत त्या पावाचे टोक खाऊन टाकायच्या आणि रोज त्यावरून बोलणी बसायची, हे त्यांनी सांगितले तेव्हा सगळा वर्ग पुढे सरकून बसला. मॉरिशसवर १७१५ पासून १८१० पर्यंत फ्रेंचांचा अंमल होता आणि पाव ही त्या काळाची खूण आहे, हे मग एका वाक्यात सांगता आले. (गोव्यातल्या शिक्षकांना हा धागा आणखी सोपा जाईल, कारण पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलचा भोंगा त्यांच्या मुलांच्या रोजच्या कानावरचा असतो.)

वस्तू मागताना पाहण्यासारख्यांपेक्षा वापरलेल्या वस्तू मागाव्यात. आम्ही वापरलेली शाळेची वही, बसचे तिकीट, फ्रेंच भाषेतले जुने दैनिक, तिथल्या शाळेतले देवनागरीत छापलेले मराठीचे पुस्तक, एखादी छोटी नोट आणि साखरेची रिकामी पिशवी इतके मागितले होते. शाळेच्या मधल्या सुट्टीचा आवाज भ्रमणध्वनीवर दोन मिनिटे ध्वनिमुद्रित करून आणा, अशीही विनंती केली होती, आणि तिचा फार उपयोग झाला. शंख, शिंपले, प्रवाळ यांपैकी काही आणायला सांगू नये, कारण ते समुद्रातून उचलण्यावर आणि देशाबाहेर नेण्यावर निर्बंध असतात. छायाचित्रे आठच मागवावीत आणि ती मोठ्या आकारात छापून घ्यावीत. पडद्यावर एकामागून एक सरकणारी पन्नास चित्रे मुलांच्या डोळ्यांसमोरून नुसती निघून जातात, तर हातात धरलेले एक चित्र त्यांना पाच मिनिटे पुरते. शिवाय गावात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. आठांपैकी निदान एक चित्र स्वयंपाकघराचे, एक वर्गाचे आणि एक पावसातल्या रस्त्याचे असावे. निळ्या समुद्रकिनाऱ्याचे चित्र एकच पुरे. हॉटेलांच्या जाहिरातीत दिसणारा मॉरिशस मुलांना पुढे आयुष्यभर दिसणारच आहे.

तिसरी पायरी: मुलांची तयारी

भेटीच्या आधीच्या आठवड्यात परिसर अभ्यासाच्या चार तासिका यासाठी ठेवाव्यात. पहिल्या तासिकेत काहीच न शिकवता एक कागद द्यावा आणि ‘मॉरिशस कसा असेल, तिथले मूल आत्ता काय करत असेल’ याचे चित्र काढायला सांगावे. आमच्या मुलांनी बर्फ, उंच इमारती, सोनेरी केसांची माणसे आणि एक हत्ती काढला होता. ही चित्रे नावासह जपून ठेवावीत. ती चुकीची आहेत असे अजिबात बोलू नये, कारण पुढे ती लागणार आहेत.

दुसरी तासिका पृथ्वीगोलाची. मॉरिशस गोलावर टिंबाएवढा असतो, म्हणून आधी मादागास्कर शोधायला लावावे आणि तिथून पूर्वेकडे सुमारे ८०० किलोमीटरवर बोट न्यावे. मुंबईपासून मॉरिशसपर्यंत दोरा धरला तर तो विषुववृत्त ओलांडतो. हे अंतर साधारण ४,७०० किलोमीटर भरते. विषुववृत्ताच्या उत्तरेला जितक्या अंतरावर मुंबई आहे, जवळपास तितक्याच अंतरावर दक्षिणेला मॉरिशस आहे. आरशात पाहावे तसे हे आहे आणि मुलांना ते लगेच समजते. त्यावरून ऋतूंचा प्रश्न काढावा: आपल्याकडे डिसेंबरात सकाळी शेकोटी पेटते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो आणि आपल्याकडे जुलैत धो धो पाऊस पडतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो. कारण समजावताना बॅटरी आणि गोल वापरावा. सगळ्यांना एकाच दिवशी समजले नाही तरी हरकत नाही.

आकाराची तुलना आपल्या जिल्ह्याशी करावी. रॉड्रिग्जसारखी लहान बेटे धरून मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आहे आणि रत्नागिरी जिल्ह्याचे ८,२०८. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात असे चार देश मावतील. तरी त्या देशाला आपली संसद आहे, आपले चलन आहे आणि आपला ध्वज आहे, तांबड्या, निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या आडव्या पट्ट्यांचा. देश मोठाच असतो ही मुलांची समजूत येथे हलते. घड्याळासाठी फळ्याच्या एका कोपऱ्यात ‘तिकडची वेळ’ लिहून ठेवावी. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आमची शाळा साडेदहाला भरते तेव्हा तिकडे नऊ वाजलेले असतात, आणि ही वजाबाकी मुले आठवडाभर न कंटाळता करतात.

उरलेल्या दोन्ही तासिका प्रश्न तयार करण्यासाठी द्याव्यात. मुलांना उत्तरे द्यायची सवय असते, प्रश्न विचारायची नसते. ‘तुमचा देश कसा आहे?’ या प्रश्नाला ‘छान आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही, हे वर्गात करून दाखवावे. एका मुलाने पाहुणा व्हावे, बाकीच्यांनी विचारावे. मग तोच प्रश्न बारीक करायला शिकवावे: शाळेत कशाने जायचात, डब्यात काय असायचे, बाईंना काय म्हणून हाक मारायचात, पाऊस खूप पडला तर काय व्हायचे. ज्या प्रश्नात खाणे, रस्ता, हाक, भीती किंवा खेळ येतो तो बहुधा चांगला निघतो. प्रत्येक मुलाने एक प्रश्न स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहावा. सारखे आलेले प्रश्न एकत्र करून गटाला द्यावेत.

काही प्रश्न अडचणीचे येतात. पगार किती, वय किती, तुमची जात कोणती, रंग असा का, असे आमच्याकडेही आले. ते रागावून खोडू नयेत. हा प्रश्न अनोळखी माणसाने आपल्या आईला विचारला तर तिला कसे वाटेल, असे त्या मुलाला हळूच विचारावे, म्हणजे बहुतेक वेळा ते मूल स्वतःच चिठ्ठी बदलते. एका मुलीचा प्रश्न मात्र मी मुद्दाम तसाच ठेवला: ‘तुम्ही आमच्यासारख्याच दिसता, मग परदेशी कशा?’ त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा प्रश्न तोच ठरला.

आणखी एका गोष्टीची तयारी करून घ्यावी लागते. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांत घरी बहुधा क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली) बोलली जाते आणि मराठी शाळेत शिकलेली असते, त्यामुळे पाहुण्यांचा उच्चार आणि शब्द आपल्याहून वेगळे असणार. मुलांनी त्यावर हसू नये असे नुसते बजावून भागत नाही. आदल्या दिवशी क्रिओलचे पाच शब्द मुलांकडून म्हणून घ्यावेत: बोंझूर म्हणजे नमस्कार, मेरसी म्हणजे आभारी आहे, दिलो म्हणजे पाणी, लेकोल म्हणजे शाळा, लाकाझ म्हणजे घर. परकी भाषा आपल्या तोंडात कशी अडखळते हे एकदा अनुभवले की दुसऱ्याच्या अडखळण्यावर हसू येत नाही.

चौथी पायरी: भेटीचा दिवस

एकूण वेळ दोन तास ठेवावा आणि मध्ये खाण्याची सुट्टी घ्यावी. स्वागताला पाच मिनिटे पुरेत. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक आणि मान्यवरांची मनोगते यांत मुलांचा सर्वांत ताजा अर्धा तास जातो. गावच्या मंडळींना सत्कार करायचाच असेल तर तो शाळा सुटल्यावर करावा, हे आधीच नम्रपणे ठरवून घ्यावे. बाके बाजूला सारून मुलांना अर्धगोलात जमिनीवर बसवावे आणि पाहुण्यांना बुटक्या खुर्चीवर, म्हणजे डोळे जवळजवळ एका पातळीत येतात. मुलांनी त्यांना ‘ताई’ म्हणावे असे आम्ही ठरवले, कारण ‘मॅडम’ म्हटले की मुले परीक्षेला बसल्यासारखी बसतात.

सुरुवात आवाजाने करावी. ताईंनी आणलेले मधल्या सुट्टीचे ध्वनिमुद्रण आम्ही काही न सांगता लावले. आरडाओरडा, घंटा, चेंडूचा आवाज, आणि मध्येच एक न समजणारी हाक. ‘ही आपलीच शाळा आहे’ असे निम्म्या मुलांना वाटले. त्यानंतर ताईंनी तिसरीतला आपला दिवस सांगितला. शिक्षकाने या वेळी शक्य तितके गप्प राहावे, शब्द अडला तरच मदत करावी आणि घड्याळ पाहावे. पंधरा मिनिटे झाली की गोष्ट रंगात असली तरी थांबवावी, कारण मुलांच्या हातांना आता काम हवे असते.

मग वस्तू पाहण्यासाठी मुलांचे चार गट करावेत. प्रत्येक गटाकडे एक-दोन वस्तू, सात मिनिटे आणि एकच काम: ‘यात ओळखीचे काय दिसते आणि अनोळखी काय दिसते ते शोधा.’ आमच्याकडे २५ रुपयांच्या नोटेवर सर्वांत जास्त वेळ गेला. तिथल्या चलनालाही रुपया म्हणतात, आणि नोटेवर इंग्रजी व तमिळ यांच्याबरोबर देवनागरी अक्षरेही आहेत, हे एका मुलाने ओरडून सांगितले. पंचवीसची नोट आपल्याकडे नसते हेही मुलांच्याच लक्षात आले. दैनिक उलटेपालटे करून पाहणाऱ्या गटाला एक अक्षर कळेना. तेव्हा ताईंनी सांगितले की त्यांच्याकडे वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये, संसदेचे काम प्रामुख्याने इंग्रजीत आणि बाजारातले व घरातले बोलणे क्रिओलमध्ये चालते. घरी एक बोली, पुस्तकात दुसरी आणि टीव्हीवर तिसरी भाषा ऐकणाऱ्या कोकणातल्या मुलांना हे कोणी समजावून द्यावे लागले नाही.

खाणे हा भाग आधीच्या दिवशी गावातल्या बचत गटाच्या बायांबरोबर ठरवावा. मॉरिशसमध्ये ‘गातो पिमा’ नावाचा डाळीचा तिखट वडा मिळतो. तो आपल्या डाळवड्याचा जवळचा नातलग आहे आणि तिकडे तो पावात घालूनही खातात. हे ऐकताच वर्गात ‘वडापाव!’ असा गजर झाला. बायांनी ताईंच्या सांगण्याप्रमाणे तो केला आणि त्या दिवशी पोषण आहाराच्या खिचडीबरोबर प्रत्येकाला एकेक मिळाला. ताईंनी दालपुरीचेही वर्णन केले: शिजवून बारीक केलेली डाळ भरलेली मऊ, पातळ पुरी, बरोबर घेवड्याच्या दाण्यांची आमटी आणि चटणी, आणि रस्त्यावरचा विक्रेता ती नेहमी जोडीने देतो. गूळ न घातलेली पुरणपोळी, असे एका मुलीने तिचे नाव ठेवले. कोणाला काही खाणे वर्ज्य आहे का किंवा बाधते का, हे पालकांकडून आधी विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: सारखेपणाचा सापळा आणि कठीण इतिहास

पाहुणा आपल्याच वंशाचा असला की एक मोठी चूक घडते. मुलांचा ग्रह होतो की मॉरिशस म्हणजे समुद्रापलीकडचे कोकणच. आमच्याकडे ताईंनी झाकरीची दोन कडवी म्हणून दाखवली. गणेशोत्सवात तिकडची मराठी माणसे गोलात फेर धरून हा प्रकार करतात. नावावरून आणि फेराच्या चालीवरून आमच्या कोकणातल्या जाखडी नाचाशी त्याचे नाते उघड दिसते. आमच्या मुलांचे पाय लगेच थिरकू लागले आणि पुढची दहा मिनिटे वर्गाचे अंगण झाले. हा आनंद मुलांना पुरेपूर घेऊ द्यावा, पण तिथेच थांबू नये.

त्यानंतर लगेच ताईंनी आपल्या वर्गाचे जुने छायाचित्र दाखवायला घेतले आणि त्यातल्या मुलांची एकेक करून ओळख करून दिली: आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज, चिनी दुकानदाराचा मुलगा, तमिळ मैत्रीण, मुसलमान शेजारीण, घरी भोजपुरी जाणणारी आजी असलेला एक खोडकर. या देशात मराठी लोक संख्येने थोडे आहेत हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग आम्ही फळ्यावर तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या लिहिल्या. त्यांत महाशिवरात्र, ईद, चिनी नववर्ष, तमिळांचा थैपूसम कावडी, गणेश चतुर्थी, दिवाळी आणि नाताळ आहेत, शिवाय १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा करारबद्ध मजूर आल्याचा दिवसही आहे. शेवटचे दोन दिवस पाहून मुलांनी ‘म्हणजे काय?’ असे विचारलेच, आणि इतिहासाला तिथून तोंड फुटले.

हा इतिहास आठ वर्षांच्या मुलांना सांगावा की नाही, यावर आमच्या शिक्षकांत मतभेद होते. माझे मत असे की सांगावा, पण एका माणसाच्या गोष्टीइतकाच. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. त्याच्या आदल्या वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ॲटलास नावाच्या जहाजातून भारतातले मजूर करारावर काम करायला तिथे उतरले होते. पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे अशी गेली. कोकणातून आणि घाटावरून गेलेली माणसे मुंबई बंदरातून निघाली. कराराच्या कागदाला लोक ‘गिरमिट’ (इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’वरून) म्हणू लागले. पोर्ट लुईच्या बंदरावर ती जिथे उतरत त्या दगडी पायऱ्या आजही जपल्या आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. त्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत, आणि ताईंना आपल्या पणजोबांच्या गावाचे नाव तिथल्याच कागदात सापडले होते. ते नाव लिहिणाऱ्या कारकुनाने ऐकू आले तसे लिहिले होते, म्हणून गाव शोधायला त्यांना इतका वेळ लागला.

येथे दोन गोष्टी टाळाव्यात. मारहाण, आजार आणि मृत्यू यांची वर्णने या वयात नकोत. आणि ‘आपली माणसे तिकडे गेली आणि मोठी झाली’ असा विजयाचा सूरही नको, कारण बरीच माणसे फसवणुकीने गेली होती आणि घरी परतली नाहीत. ‘त्यांना परत यावेसे वाटले असेल का?’ असा प्रश्न एका मुलाने विचारला. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, वाटले असेल. शिक्षकाने अशा वेळी ती शांतता भरून काढायला जाऊ नये.

परदेशी कशा, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी यानंतरच दिले: माझे पणजोबा तुमच्या जिल्ह्यातले, पण माझी आजी, आई आणि मी तिथे जन्मलो, मला स्वप्ने क्रिओलमध्ये पडतात, आणि १२ मार्चला आमचा स्वातंत्र्यदिन असतो तेव्हा मी माझ्या झेंड्याला वंदन करते. त्या देशाला १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, हे मुलांनी मग स्वतःहून वहीत लिहून घेतले.

वेळ उरला तर एक छोटा भाग निसर्गाचा ठेवावा. शाळेच्या मागचा काळा दगड आणि मॉरिशसच्या उसाच्या शेतांत रचून ठेवलेल्या काळ्या दगडांच्या राशीचे चित्र शेजारी ठेवावे. भूवैज्ञानिकांच्या मते पृथ्वीच्या पोटातल्या ज्या एकाच तप्त स्थानातून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सह्याद्रीचा लाव्हा वर आला, त्याच स्थानातून फार पुढे, सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस बेट घडले. डोडो पक्षी मात्र सोडू नये, कारण मुलांना तो हमखास आवडतो. भिंतीवर खडूने एक मीटर उंचीची रेघ मारावी, म्हणजे डोडो आपल्या छातीपर्यंत आला असता हे प्रत्येकाला मोजता येते. उडू न शकणारा हा पक्षी फक्त याच बेटावर होता. १५९८ मध्ये डच तिथे उतरले आणि शंभर वर्षांच्या आत, शिकारीमुळे आणि जहाजांतून आलेल्या उंदीर-डुकरांमुळे, तो नाहीसा झाला. वादळाचा विषय मुलांनीच काढला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घरांची कौले उडाल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतात. तिकडे वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात आणि लहानपणी रेडिओवर त्याचा आकडा ऐकायला आम्ही सगळे कान लावून बसायचो, असे ताईंनी सांगितले.

सहावी पायरी: भेटीनंतर

त्याच दिवशी दुपारी, मुले घरी जाण्याआधी, पुन्हा तोच कागद द्यावा आणि तेच चित्र काढायला सांगावे. पहिले आणि दुसरे चित्र शेजारी चिकटवून प्रत्येक मुलाने ‘मला आधी वाटत होते… आता कळले…’ अशी दोन वाक्ये लिहावीत. हत्ती काढणाऱ्या मुलाच्या दुसऱ्या चित्रात पाव घेऊन पळणारी एक मुलगी होती. याहून वेगळ्या चाचणीची गरज मला वाटत नाही. चुका राहिलेल्या दिसतातच: दोघांनी मॉरिशस आफ्रिकेच्या जमिनीला जोडला होता आणि एकीने तिथे सगळे मराठी बोलतात असे लिहिले होते. त्या चुका दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर पृथ्वीगोल आणि ताईंच्या वर्गाचे छायाचित्र पुन्हा दाखवून दुरुस्त कराव्यात. महिनाभराने तीनच तोंडी प्रश्न विचारून पाहावेत: तिथले मूल सकाळी काय खाते, किती भाषा ऐकते, आणि आत्ता तिकडे किती वाजले.

पाहुणा प्रत्यक्ष येऊ शकत नसेल तर दृक्-संवाद करता येतो, पण त्याची वेळ अर्ध्या तासाच्या वर नेऊ नये आणि वस्तूंचे पाकीट टपालाने आधी मागवून घ्यावे, म्हणजे पडद्यावर ताई ज्या वहीविषयी बोलत आहेत ती वही मुलांच्या हातात असते. आदल्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच वेळी, जोडणी तपासून पाहावी.

आभाराचे पत्र शिक्षकाने लिहू नये. आमच्या मुलांनी ताईंच्या वर्गाला एक मोठे सामाईक पत्र लिहिले, त्यात आपला एक साधा दिवस सांगितला आणि शाळेमागच्या काळ्या दगडाचे चित्र काढले. दीड महिन्याने उत्तर आले, देवनागरीत, गोल-गोल अक्षरांत. त्यात एक प्रश्न होता: ‘तुमच्याकडे जून महिन्यात शाळा सुरू होते, मग तेव्हा तुम्हाला थंडी वाजत नाही का?’ असे पत्र आले की उत्तर स्वतः सांगून टाकू नये. आम्ही ते मोठ्याने वाचले आणि फळ्याजवळ ठेवले. मधल्या सुट्टीत चौथीची तीन मुले बॅटरी आणि पृथ्वीगोल घेऊन कार्यालयाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली.